सर्वात मोठा पैलवान कोण?

आमच्या जयगडला तालीम नाही. खाडीच्या तोंडावरचा किल्ला आहे, दीपगृह आहे, तवसाळला जाणारी फेरीबोट आहे. पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. लाल मातीचा हौदा बघायचा तर घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. तरीही गेली दोन-चार वर्षं आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत कुस्तीवरून वाद रंगतात. मोबाईलने घाट सोपा केला आहे. वादाचा विषय ठरलेला: सर्वात मोठा पैलवान कोण? गामा की खाशाबा जाधव? मारुती माने की गणपतराव आंदळकर?

असे वाद मला आवडतात. मुलं त्या निमित्ताने सन शोधतात, नावं पाठ करतात. पण अलीकडे या वादाला दुसरंच वळण लागलेलं दिसतं. ‘आपला’ पैलवान आणि ‘त्यांचा’ पैलवान अशा याद्या फिरतात. एका गटात गामा, इमामबक्ष, बाला रफिक, सिकंदर. दुसऱ्या गटात खाशाबा, खंचनाळे, आंदळकर, माने. याद्या करणारे दोन्हीकडे आहेत. म्हणून या वादाचा इतिहास थोडा नीट मांडावा असं वाटलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे सुरुवात शब्दांपासून करतो. कुस्ती हा शब्द फारसी. पैलवान म्हणजे फारसीतला पहलवान. वस्ताद म्हणजे उस्ताद. तालीम अरबी, तिचा मूळ अर्थ शिक्षण. उर्दूत आजही आपण शाळेतल्या शिक्षणाला तालीम म्हणतो आणि मराठीत त्याच शब्दाने व्यायामशाळा उभी राहते. दुसऱ्या बाजूला मल्ल, आखाडा, माती, लंगोट हे सगळे इथलेच. हे शब्द वेगळे काढून दोन ढीग करायला बसलात तर कुस्तीचं एक वाक्यही धड बोलता येणार नाही.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले. रोममधलं जुनं गोलाकार क्रीडागृह पाहून आपल्याकडेही असं मैदान हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. मध्यभागी खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. १९१२ साली मैदान खुलं झालं आणि पहिली मोठी कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. दोघे उत्तरेकडचे, दोघे मुसलमान. बघायला आलेल्यांत बहुतेक या भागातले शेतकरी आणि कष्टकरी. इमामबक्ष म्हणजे गामाचा धाकटा भाऊ.

ज्या राजाने १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, त्याच राजाने उत्तरेतल्या मल्लांना कोल्हापूरचं दार उघडलं. त्यांच्यासोबत डाव आले, मेहनतीची पद्धत आली, बदाम-थंडाईचा खुराक आला. इथली पोरं त्यांच्याशी लढून आणि त्यांच्याकडून शिकून तयार झाली. पुढे सादिक पंजाबी, गोगा पंजाबी ही नावं कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनांच्या तोंडी घरच्यासारखी बसली. कोल्हापुरात आजही काळाइमाम, बाबुजमाल, अवचितपीर अशा नावांच्या तालमी आहेत. तालमीत मारुतीची तसबीर असते आणि मोहरमला तालमीतर्फे पंजे बसतात. यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

मूळ वादाकडे येऊ. गामाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे भक्कम पुरावा आहे. १९१० साली गामा आणि इमामबक्ष लंडनला गेले. उंची कमी म्हणून गामाला तिथल्या स्पर्धेत घेईनात. तेव्हा त्याने उघड आव्हान दिलं की कोणतेही तीन मल्ल आणा, अर्ध्या तासात तिघांना पाडतो. अमेरिकेचा डॉक्टर रोलर पुढे आला आणि पहिल्या फेरीत दोन मिनिटंही टिकला नाही. मग १० सप्टेंबरला पोलंडच्या झबिस्कोशी कुस्ती लागली. झबिस्को अंग जमिनीला चिकटवून अडीच तासांहून जास्त वेळ पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, पण त्या दिवशी झबिस्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात दोघे परत समोरासमोर आले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत आस्मान दाखवलं.

पण याच गामाला रहीमबक्ष सुलतानीवाला सहजासहजी पडला नव्हता. जवळपास सात फुटी रहीम आणि त्याच्या खांद्यालाही न लागणारा गामा यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटत राहिल्या. अलाहाबादची शेवटची कुस्ती गामाने जिंकली तेव्हा रहीमचं वय उतरणीला लागलं होतं. तरण्या रहीमचं काय, असा प्रश्न जुने लोक विचारायचे आणि तो वाजवी आहे.

खाशाबांचं मोजमाप निराळं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल बँटमवेट गटातला, म्हणजे गामाच्या निम्म्याहून थोडा जास्त वजनाचा. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गामा ऑलिंपिकमध्ये कधी उतरलाच नाही आणि खाशाबांना गामाच्या वजनाशी भिडायचं कारण नव्हतं. पुढे १९५९ साली श्रीपती खंचनाळे दिल्लीत बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये मारुती माने फ्रीस्टाईलमध्ये आणि आंदळकर ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. ती मॅटवरची, गुणांची कुस्ती. मातीत पाठ लागेपर्यंत निकाल नसायचा. मॅटवर सहा मिनिटांत घड्याळ निकाल देतं. दोन वेगळ्या खेळांतल्या माणसांची तुलना करावी, तसं हे आहे. विक्रमांच्या मोजपट्टीने हा वाद सुटत नाही.

दुसरी मोजपट्टी धर्माची. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड भिडले. दोघेही सोलापूर जिल्ह्यातले. महेंद्रला दिलेल्या गुणांवरून वाद झाला. कुस्तीत गुणांवरून वाद नवा नाही. पण हा वाद समाजमाध्यमांवर गेला आणि गुणांचा न राहता आडनावांचा झाला. सिकंदरवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांत कितीतरी हिंदू कुस्तीशौकीन होते, हे त्या गोंधळात कुणाला ऐकू आलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदरने शिवराज राक्षेला हरवून गदा मिळवली. तेव्हाही काहींना आनंद कुस्तीचा झाला, तर काहींना नावाचा.

तिसरी एक मोजपट्टी आहे. ती मला फार लांबच्या एका खेळात सापडली. अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीत मुठींनी मारामारी झाली तर खेळाडूला पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि मग तो परत येतो. त्यामुळे संघात एखादा दांडगा गडी खास याच कामासाठी ठेवण्याची रीत पडली. त्याने गोल करावेत अशी अपेक्षा नसे. आपल्या गुणी खेळाडूला कुणी धसमुसळेपणाने पाडलं, तर त्या माणसासमोर उभं राहायचं, हे त्याचं काम. वेन ग्रेट्स्की हा त्या खेळातला सर्वात मोठा खेळाडू. एडमंटनच्या संघात त्याच्या पाठीशी डेव्ह सेमेन्को आणि नंतर मार्टी मॅकसोर्ली असे. १९८८ साली ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याच व्यवहारात मॅकसोर्लीही गेला.

यातला सर्वात भारी लढवय्या कोण, यावर तिकडचे शौकीनही तासन्‌तास भांडतात. कुणी बॉब प्रोबर्टचं नाव घेतो, कुणी आणखी कुणाचं. पण त्या वादात बसलेल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. या माणसाची किंमत त्याने किती जणांना लोळवलं एवढ्यावर ठरत नाही. तो असल्यामुळे कोण निर्धास्त खेळू शकलं, यावरही ठरते. आणि त्या निर्धास्तपणाची किंमत तो स्वतः मोजतो. प्रोबर्ट २०१० साली पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. डेरेक बूगार्ड २०११ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. दोघांच्याही मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली आणि वारंवार बसलेल्या माराने होणारा आजार त्यात आढळला. दुसऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या या माणसांच्या पाठीशी कोण होतं, हा प्रश्न तिथे उशिरा विचारला गेला.

हा प्रश्न आपल्या पैलवानांना लावून पाहा. हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली. ती संपताच त्यांना रशियाच्या ममेदबेकोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण नियमावर बोट ठेवून भांडेल असा भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममेदबेकोवला रौप्य. मैदानात पाठीशी कुणी नव्हतं, पण घरी होतं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते, म्हणून खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. पुढे पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, नव्या शतकात.

गामाचंही तसंच. संस्थानं गेली आणि खुराकाचा खर्च उचलणारे हातही गेले. लाहोरमध्ये त्याचे शेवटचे दिवस आजारपणात आणि तंगीत गेले. तेव्हा भारतातून घनश्यामदास बिर्लांनी पैसे पाठवले आणि महिन्याचं मानधन सुरू केलं. १९६० साली गामा वारला.

पण गामाची सर्वात मोठी कुस्ती मी लंडनची मानत नाही, पतियाळ्याचीही नाही. १९४७ च्या दंगलींत लाहोरच्या मोहिनी रोडवर त्याच्या शेजारी हिंदू कुटुंबं राहत होती. जमाव चालून आला तेव्हा गामा आपल्या माणसांसह गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, अशी हकिकत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सांगतात. साठी-सत्तरीकडे झुकलेला तो माणूस. समोर आलेले लोक त्याच्याच धर्माचे होते. तिथे गुण देणारे पंच नव्हते, इनाम नव्हतं, हलगी नव्हती. शेजाऱ्यांच्या केसाला धक्का लागला नाही आणि पुढे सरहद्दीपर्यंतच्या त्यांच्या प्रवासाची सोयही त्याने केली, असं सांगतात. ज्या यादीत गामाचं नाव ‘आपला’ म्हणून लिहिलं जातं, त्या यादीने ही हकिकतही लिहावी. मग यादी करण्याचा हेतूच शिल्लक राहणार नाही.

दुसऱ्या यादीलाही असंच एक नाव सांगतो. गणपतराव आंदळकर. एशियाडचं सुवर्ण, हिंदकेसरी, अर्जुन पुरस्कार, सगळं झाल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत आयुष्यभर पोरं घडवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत करमाळा तालुक्यातला एक पोरगा होता, बाला रफिक शेख. सप्टेंबर २०१८ मध्ये आंदळकर गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जालन्यात बाला रफिकने अभिजीत कटकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. तोवर तो पुण्यात गणेश दांगट यांच्या हनुमान आखाड्यात मेहनत करत होता. आता ही गदा कोणत्या यादीत लिहायची? ज्या कोल्हापुरात इमामबक्षच्या कुस्तीने खासबाग खुली झाली, त्या कोल्हापुरात सांगलीकडचे आंदळकर वस्ताद झाले आणि त्यांचा पठ्ठ्या बाला रफिक केसरी झाला. कुस्तीत वंश बापाकडून मोजत नाहीत, वस्तादाकडून मोजतात.

म्हणून मुलांनी परत विचारलं, ‘सर, सर्वात मोठा कोण?’ तर मी त्यांना आधी दोन गोष्टी शोधायला सांगतो. त्या पैलवानाचा वस्ताद कोण होता, आणि अडचणीच्या दिवशी तो कुणासाठी उभा राहिला. सन आणि पदकं वहीत लिहाच, ती परीक्षेत विचारली जातील. पण या दोन रकानेही आखा. आठवीच्या एका मुलाने गेल्या आठवड्यात असा तक्ता करून आणला. त्यात पैलवानांच्या पुढे धर्माचा रकाना नव्हता. मी तो त्याला सांगितलाही नव्हता. त्याला तो लागलाच नाही.