सिरस प्रकरण

समलिंगी कर्मचाऱ्याच्या खासगीपणाचा आणि नोकरीचा प्रश्न ऐरणीवर आणणारा खटला (२०१०). श्रीनिवास रामचंद्र सिरस (१९४८–२०१०) हे अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक व आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. शिक्षण नागपूरला झाले, पीएच.डी.ही नागपूर विद्यापीठाची. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसले आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रण केले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवला तो सिरसांवर. निलंबन झाले, क्वार्टर सोडण्याचा आदेश निघाला. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना लागू नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच ठरवले होते. म्हणजे ‘गुन्हा’ म्हणावा असे काही हाती नव्हते. विद्यार्थ्यांच्या किंवा अध्यापनाच्या तक्रारीचाही येथे संबंध नव्हता. घर मालकाचे, म्हणून घरातले वागणेही मालकाच्या अखत्यारीत, असाच तो हिशेब होता.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस अलिगढमधील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. निलंबन मागे घेतल्याचे पत्र त्यानंतर पोचले. मृत्यूचा तपास पुराव्याअभावी बंद झाला. हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा चित्रपट याच प्रकरणावर आहे (प्रदर्शित २०१६). सिरसांची भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिल्लीचा निकाल फिरवला, २०१७ मध्ये लैंगिक कल हा खासगीपणाचा भाग मानला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मोठ्या शहरांतल्या काही कंपन्यांनी त्यानंतर जोडीदाराला आरोग्य विमा देऊ केला. वाशिम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी चित्र वेगळे. तिथल्या तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. ‘न शोभणारे वर्तन’ कशाला म्हणायचे, हे बरेचसे वरिष्ठाच्या नजरेवर राहते. शिवाय बदली, भाड्याची खोली आणि ‘लग्न कधी?’ ही रोजची चौकशी. अशा ठिकाणी गप्प राहण्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

नोकरीतील भेदभावाला २०१९ च्या कायद्याने जी स्पष्ट मनाई केली, ती तृतीयपंथी व्यक्तींपुरती आहे. लैंगिक कलावरून खासगी नोकरीत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध भारतात स्वतंत्र कायदा नाही.