विक्सचा कांस्यघट

फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात विक्स हे लहानसे खेडे आहे. सन १९५३ च्या जानेवारीत रने जोफ्रुआ या संशोधकांना तेथे एका थोर स्त्रीच्या दफनात कांशाचा प्रचंड घट सापडला. उंची १.६४ मीटर, वजन सुमारे २०८ किलो, मावण १,१०० लिटर! इ. स. पूर्व ५०० च्या सुमाराचे हे ग्रीक कारागिरांचे काम होय.

घट हाती आला तो मात्र चेपलेला. वरच्या मातीच्या भाराने बूड थेट कानांच्या पातळीला आले होते. तपासणीत कारण उमगले. कान ओतीव, प्रत्येकी सुमारे ४६ किलोचे. पण पोट एकाच पत्र्यातून ठोकून घडविलेले, जाडी अवघी १ ते १.३ मिलिमीटर. एवढे मोठे भांडे इतक्या पातळ अंगाचे ठोकणे किती अवघड, हे आपल्याकडील तांबटच जाणोत. दुरुस्तीनंतर घट पुन्हा उभा राहिला.

गळ्याभोवतीचे रथ व योद्धे वेगळे ओतून बसविलेले आहेत. त्यांवर ग्रीक अक्षरे कोरली असून, त्यांच्या जागा दाखविणारी अक्षरे गळ्यावरही आहेत. जुन्या देवळाचे दगड उतरविताना क्रमांक घालतात, तसाच हा प्रकार. यावरून घट सुटा आणून तिकडेच जोडला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

असले कांसे चिंच-राखेने घासून लखलखीत करीत नाहीत. हिरव्या थरात घडणीच्या खुणा टिकतात. क्षार व ओल राहिल्यास मात्र गंज पुन्हा सुरू होतो. सदर घट आज विक्सजवळच्याच शातियाँ गावच्या संग्रहालयात आहे.