बारा मिनिटं

सतरा दिवस आधी

25 मे 2008, रविवार. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य भागात पार्कर्सबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. त्या दुपारी गावाच्या दक्षिण टोकावरून टोर्नॅडो गेला आणि कित्येक घरांच्या जागी नुसते चौथरे उरले. त्या वादळात नऊ माणसं गेली. टोर्नॅडोची प्रतवारी करायची अमेरिकेतली पट्टी ईएफ-0 पासून ईएफ-5 पर्यंत आहे. आयोवाने 1976 नंतर ईएफ-5 पाहिलेला नव्हता, तो आता पाहिला. या पट्टीची एक गंमत आहे. वाऱ्याचा वेग सहसा कुणी थेट मोजत नाही. वादळ गेल्यावर अभियंते आणि हवामानवाले पडझडीतून फिरतात, काय मोडलं, कसं मोडलं ते पाहतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात.

तेव्हा जूनमध्ये आयोवात टोर्नॅडो येऊ शकतो, हे कुणाला नव्याने सांगायला नको होतं.

वादळाच्या आठवड्यात

लिटल सू स्काऊट रँच ही 1,800 एकरांची जागा राज्याच्या पश्चिम टोकाला, मनोना काउंटीत आहे. शेजारच्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर तिथून सुमारे 65 किलोमीटर. एक तळं, पायवाटा, नेमबाजीची जागा आणि बाकी सगळ्या टेकड्या. या टेकड्यांना लोएस हिल्स म्हणतात. हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात मिझुरी नदीच्या पात्रातला बारीक गाळ वाऱ्याने उचलला आणि काठावर आणून टाकला. हजारो वर्षं टाकतच राहिला. त्याचे डोंगर झाले, मग पाण्याने त्यात अरुंद, खोल घळी कापल्या. वाऱ्याने आणलेल्या मातीचे इतके उंच थर जगात फार थोड्या ठिकाणी आहेत, चीनमधले सगळ्यात प्रसिद्ध.

मुलांना अशी जागा आवडणारच. चढ, उतार, झाडी, आणि एका घळीतून दुसरी दिसत नाही. हवामानाच्या दृष्टीने मात्र त्यात एक अडचण आहे. घळीच्या तळाशी तंबू ठोकला की आकाशाचा तुकडाच तेवढा डोक्यावर राहतो. क्षितिज दिसत नाही, त्यामुळे पश्चिमेकडे काय जमतंय ते कळत नाही. डोंगराळ भागात किंवा दरीत टोर्नॅडो उतरत नाही अशी समजूत अमेरिकेत जुनी आहे. ती खोटी आहे.

या जागेवर जूनमध्ये ‘पाहुक प्राइड’ नावाचं शिबिर भरलं होतं. ते मौजमजेचं उन्हाळी शिबिर नव्हतं. आपापल्या स्काऊट पथकांतून निवडून आलेली 13 ते 18 वर्षांची 93 मुलं पुढारीपण शिकायला जमली होती आणि त्यांच्या दिमतीला 25 जणांचा चमू होता. दिवसभर छोट्या तुकड्यांत कामं: स्वयंपाक, नकाशा, दोऱ्यांच्या गाठी, भांडण झालं तर ते मिटवायचं कसं. आपल्याकडे शाळेत खाकी गणवेश घालून गाठी शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त तिथे कामाचा भार खऱ्या अर्थाने मुलांवरच टाकतात. मोठी माणसं चार पावलं मागे उभी असतात. 1907 साली स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलं नेऊन जो प्रयोग केला, त्याचाही गाभा हाच होता. त्यात लाडाकोडाच्या घरची मुलं होती तशीच कामगारांचीही होती, आणि छोट्या टोळीचा म्होरक्या त्यांच्यातलाच एक पोरगा असे.

प्रथमोपचार, जखमी माणूस कसा हलवायचा आणि रक्त कसं थांबवायचं, हे सगळं ही मुलं शिकलेली होती. वादळ आल्यावर कुठे जायचं हेही त्यांना माहीत होतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

बुधवार, 11 जून, दिवसा

मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा आणि आसपासच्या राज्यांत, जूनच्या दुपारी मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उष्ण हवा वर सरकते. तिच्या डोक्यावर कोरडी, थंड हवा. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत गेला की वर चढणारा ढग स्वतःभोवती फिरू लागतो. असे फिरणारे ढग पुष्कळ होतात, पण त्यातल्या थोड्यांतूनच टोर्नॅडो जमिनीला टेकतो. कुठला टेकेल हे हवामानशास्त्राला तासभर आधी नेमकं सांगता येत नाही. त्या दिवशी कॅन्ससपासून आयोवापर्यंत असे ढग चढले होते.

शिबिरातली एक तुकडी पायी भटकंतीला निघाली होती. ती वादळाआधी तळावर परत आलेली होती. टेकडीच्या माथ्यावर ती मुलं सापडली असती तर, हा विचार नंतर किती जणांच्या मनात आला असेल.

संध्याकाळी 6 वाजून 23 मिनिटांच्या आसपास

नेब्रास्कातल्या व्हॅली गावी राष्ट्रीय हवामान सेवेचं कार्यालय आहे. ओमाहा आणि आसपासचा मुलूख त्याच्याकडे येतो. तिथून टोर्नॅडोचा इशारा निघाला. शिबिरावर वादळ आदळायच्या 12 मिनिटं आधी.

मराठी वाचकाला इथे जरा थांबावं लागेल. आपल्याकडे जूनमध्ये ‘येलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’ ऐकायची सवय झाली आहे. ते जिल्ह्याला असतात, दिवसाला असतात. चोवीस तास हाताशी असतात, त्यामुळे आपण ते ऐकून कामाला लागतो. अमेरिकेतही तसा एक सैल इशारा असतो, की आज या पट्ट्यात टोर्नॅडो होऊ शकतात. दुसरा इशारा मात्र रडारवर फिरणारा ढग दिसल्यावर किंवा कुणी डोळ्यांनी पाहिल्यावरच निघतो. त्याचा अर्थ एकच: आत्ता, आहात त्या स्थितीत, खाली जा. त्या काळात असा इशारा देशात सरासरी 13 मिनिटं आधी मिळत असे. म्हणजे लिटल सूच्या मुलांना मिळालेली 12 मिनिटं ना कमनशिबाची होती ना सुदैवाची. यंत्रणा नेहमी देते तेवढीच ती होती.

6:23 ते 6:35

बारा मिनिटांत 118 माणसं एका ठिकाणी गोळा करायची, तीही घळींमध्ये विखुरलेली. जवळच्या ब्लेन्को गावातला भोंगा वाजायला लागला आणि थोड्याच वेळात बंद पडला, कारण वादळाने गावाची वीजच तोडली. असे पुष्कळ भोंगे गावाच्या विजेवर चालतात आणि वादळ पहिल्यांदा विजेच्या तारा पाडतं. हे लिहितानाही विचित्र वाटतं.

तरीही मुलं वेळेत आत पोहोचली. दोन गट झाले, एक उत्तरेच्या निवाऱ्यात, एक दक्षिणेच्या. आत गेल्यावर टेबलांखाली शिरायचं, डोकं हातांनी झाकायचं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. कुणी कापडी तंबूत थांबलं नाही, कुणी दारात उभं राहून ढग बघत बसलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाने ढग बघत बसायचा मोह टाळणं ही साधी गोष्ट नव्हे.

मिडवेस्टमधल्या पुष्कळ घरांना तळघर असतं आणि टोर्नॅडो आला की घरची माणसं तिथे उतरतात. शिबिराच्या निवाऱ्यात उतरायला तळघर नव्हतं. सिमेंट ब्लॉकच्या भिंती, वर छप्पर आणि एका बाजूला मोठी फायरप्लेस, तिचं भक्कम धुराडं. हिवाळ्यात मुलं याच आगीभोवती बसत असतील. शिबिरांच्या इमारती जगभर अशाच असतात: पाऊस लागू नये, थंडी वाजू नये, एकत्र जेवता यावं.

6:35

टोर्नॅडो शिबिरावर आला. तो नंतर ईएफ-3 ठरला, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 233 किलोमीटर. एकूण वाट सुमारे 22 किलोमीटर, त्यातला स्काऊटांच्या जागेवरचा तुकडा काही सेकंदांत संपला.

उत्तरेचा निवारा उरला नाही. छप्पर गेलं, भिंती फुटल्या आणि फायरप्लेसचं धुराडं आत कोसळलं. चार मुलं गेली. दोघे 13 वर्षांचे, दोघे 14 वर्षांचे. तिघे ओमाहाचे, एक आयोवातल्याच ईगल ग्रोव्हचा. 48 जण जखमी झाले. 118 जणांतले 52, जवळजवळ निम्मे.

लगेच नंतर

इथून पुढचा भाग अमेरिकी वृत्तपत्रांनी आठवडाभर छापला, आणि तो छापायलाच हवा होता. ज्यांना चालता येत होतं त्यांनी ढिगाऱ्यात हात घातले. सदरे काढून जखमांवर बांधले, जिथे रक्त थांबेना तिथे वरच्या बाजूला करकचून आवळले. अवजारांच्या खोलीचं दार फोडलं आणि चेनसॉ बाहेर काढले. रस्ते आडव्या झाडांनी बंद होते, ती कापायला सुरुवात केली. त्या जागेची देखभाल करणारा रेंजर आणि त्याचं कुटुंब स्वतःच्या पडलेल्या घराखाली अडकलं होतं, त्यांनाही मुलांनी बाहेर काढलं.

अग्निशमन आणि रुग्णवाहिकांची माणसं विजा आणि पावसात बाहेरून झाडं कापत आत येत होती. ती पोहोचेपर्यंत आतलं प्रथमोपचाराचं काम सुरू झालेलं होतं.

‘तयार राहा’ हे स्काऊटांचं ब्रीद त्या दिवसांत मथळ्यांमध्ये सारखं येत होतं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त मुलांच्या तयारीचं कौतुक एवढ्या मोठ्या आवाजात झालं की तयार नसलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे बघायला उशीर झाला.

रात्र

आयोवात जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. अंधार पडेपर्यंत शोध चालला होता, नंतरही चालला. जखमींना आसपासच्या दवाखान्यांत आणि मोठ्या शहरांकडे नेलं. आईवडील गाड्या घेऊन ओमाहाहून निघाले होते आणि त्यांना नाव कळायची वाट बघत थांबावं लागलं. त्याच रात्री दक्षिणेला कॅन्ससमध्ये मॅनहॅटन शहराला आणि तिथल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाला दुसऱ्या टोर्नॅडोने झोडपलं.

पुढचे दोन दिवस

बातमी फार काळ पहिल्या पानावर टिकली नाही. शुक्रवारी, 13 जूनला सीडर रॅपिड्स शहरात नदीने आजवरची सगळ्यात वरची पातळी गाठली आणि शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला. पूर आणि वादळं यांनी आयोवाचा तो जून भरून टाकला होता. राज्य एका आपत्तीतून दुसरीकडे धावत राहिलं.

आठ वर्षं आधी

ही नोंद क्रमाने वर यायला हवी होती. मुद्दाम खाली ठेवली आहे.

2000 साली अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने, म्हणजे फेमाने, सामूहिक सुरक्षित खोल्या कशा बांधाव्यात याची पुस्तिका काढली होती. जाड काँक्रीट, आत लोखंडी सळया, पायाशी घट्ट बांधलेल्या भिंती, छप्परही काँक्रीटचंच, पोलादी दरवाजे. वाऱ्याचा हिशेब ताशी 400 किलोमीटरचा, म्हणजे ईएफ-5 लाही पुरून उरेल असा. जमिनीखाली खणायचीही गरज नाही. लिटल सूवर आलेला वारा त्यापेक्षा बराच कमी वेगाचा होता. अशा खोलीला तो ओरखडे काढून गेला असता. हे तंत्र प्रयोगशाळेतलं गुपित नव्हतं, विकत मिळणाऱ्या काँक्रीटचं आणि सळयांचं होतं.

शिबिरात अशी खोली असलीच पाहिजे, असं तेव्हा कुणी बजावलेलं नव्हतं. म्हणून एखाद्या माणसाकडे बोट दाखवता येत नाही आणि मला ते दाखवायचंही नाही. 93 मुलांना पुढारी बनवायचा अभ्यासक्रम तासातासाने आखलेला होता. छताचा अभ्यासक्रम कुणी आखला नव्हता.

सात वर्षं नंतर

दरम्यानच्या काळात लिटल सूच्या जागेवर चार मुलांच्या स्मरणार्थ प्रार्थनास्थळ उभं राहिलं. दुर्घटनेच्याच वर्षी, 2008 मध्ये, वादळ-निवाऱ्यांच्या बांधकामाचं पहिलं राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं होतं, पण ते वापरायची सक्ती कुणावर नव्हती. ती 2015 च्या आदर्श बांधकाम संहितेत आली. देशाच्या ज्या पट्ट्यात सगळ्यात जोरदार टोर्नॅडो होतात, तिथे बांधल्या जाणाऱ्या नव्या शाळांना, अग्निशमन आणि पोलीस ठाण्यांना, आपत्कालीन केंद्रांना असा निवारा हवा, असं तिने सांगितलं. आयोवा त्या पट्ट्यात येतो. उन्हाळी शिबिरं त्या यादीत नव्हती.