तारूचे अरण्य

नागपूरहून सकाळी निघालेला पर्यटक मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून ताडोबात शिरतो आणि वाघाची छायाचित्रे घेऊन रात्री परततो. या अरण्याचा इतिहास मात्र त्याच्या नावापासून सुरू होतो, असे आम्हांस वाटते. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख तारू गोंडांचा देव झाला, अशी लोककथा आहे. त्याचे ठाणे तळ्याकाठी आहे. येथे १९३५ साली शिकारबंदी आली, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाचला, हे मोलाचेच. परंतु त्यासाठी बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांना अरण्य सोडावे लागले. जिप्सीतला मार्गदर्शक बहुधा परिसरातल्याच एखाद्या गावचा असतो. वाघाच्या ठावठिकाण्याबरोबर त्याला या गावांविषयीही विचारावयास हवे.