एका बसची कुळकथा

दचकणे आणि भिणे ही दोन क्रियापदे आपण बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी सर्रास योजतो. परंतु दाराआड दडून ‘भॉक’ करणाऱ्या पोरापुढे आपण दचकतो, आणि तेच पोर दिवेलागण उलटून गेली तरी घरी परतले नाही म्हणजे भितो, एवढे ध्यानात घेतले की दोहोंतील अंतर उघड होते. दचकणे हा देहाचा धर्म आहे. बुद्धीच्या दरबारात वर्दी पोचण्यापूर्वीच पापणी मिटलेली आणि मान आक्रसलेली असते. भीतीला मात्र अवधी लागतो, काळोख लागतो, आणि थोडीशी कल्पनाशक्तीही लागते. या दोहोंची गाठ ज्या प्रसंगाने चित्रपटात अशी घालून दिली की पुढे तिचा शिरस्ताच पडला, त्या प्रसंगात भूत नाही, पिशाच नाही, प्रेत नाही. आहे ती एक मामुली प्रवासी बस.

हकीकत 1942 सालची. हॉलिवूडमधील आर. के. ओ. या चित्रसंस्थेची तिजोरी ऑर्सन वेल्स याच्या महत्त्वाकांक्षी चित्रपटांनी बरीच हलकी केली होती. नवे मुखत्यार चार्ल्स कर्नर यांनी वेल्सच्या मंडळींना आवारातून निरोप दिला आणि स्वस्तातल्या भयपटांचे एक स्वतंत्र खाते उघडून त्यावर व्हॅल ल्यूटन नावाच्या गृहस्थाची नेमणूक केली. अटी तीन होत्या : खर्च दीड लाख डॉलरांच्या आत, लांबी 75 मिनिटांच्या आत, आणि चित्रपटाचे नाव वरून येईल तेच. पहिले नाव आले ‘कॅट पीपल’. 1904 साली काळ्या समुद्रालगतच्या याल्टा येथे जन्मलेला, प्रख्यात अभिनेत्री अल्ला नाझिमोव्हा हिचा हा भाचा, निर्माता डेव्हिड सेल्झनिक यांच्या पदरी कथाविभाग सांभाळून आलेला आणि पुस्तकांत रमणारा. त्याला ते शीर्षक पाहून काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पण हुकूम तो हुकूम. त्याने एवढेच केले, की नाव वरिष्ठांचे ठेवले आणि आतला ऐवज आपला भरला.

दिग्दर्शनासाठी त्याने जाक टूर्नर याला बोलावले. ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या 1935 सालच्या चित्रपटासाठी फ्रेंच राज्यक्रांतीची दृश्ये चित्रित करताना दोघांची मैत्री जुळली होती. छायालेखक निकोलस मुसुराका. संकलक मार्क रॉब्सन, हा तर वेल्सच्याच पंक्तीतून उठून आलेला. ‘द मॅग्निफिसंट अँबर्सन्स’साठी बांधलेला भव्य जिनाही या चित्रपटाच्या वाट्याला आला, मोडलेल्या वाड्याचे तुळईदांडे शेजारच्या घराला लागावेत, तसा.

कथेतील आयरिना ही न्यूयॉर्कमध्ये राहणारी सर्बियन तरुणी. आपल्या पूर्वजांना शाप आहे आणि कामवासना किंवा मत्सर चेतला की आपले बिबट्यासारख्या हिंस्र मार्जारात रूपांतर होईल, अशी तिची दृढ समजूत आहे. नवरा तिच्यापासून दुरावतो आणि कचेरीतील सहकारी ॲलिस हिच्याकडे ओढला जातो. एका रात्री ॲलिस सेंट्रल पार्कमधून जाणाऱ्या रस्त्याने एकटी निघते. आयरिना तिच्या मागे. तो रस्ता खरा नव्हे, स्टुडिओतच उभारलेला : एका अंगाला दगडी भिंत, अंतराअंतरावर दिवे, आणि दोन दिव्यांच्या मधे काळोखाची डबकी. वाद्यवृंद पूर्ण मौन. ऐकू येतात ते केवळ टाचांचे ठोके, पुढच्या बाईचे आणि मागच्या बाईचे. आणि मग मागचे ठोके थांबतात.

हे थांबणे हाच सगळ्या कारागिरीचा प्राण आहे, असे माझे मत आहे. ॲलिस वळून पाहते तर रस्ता रिकामा. ती भराभर चालू लागते, मग धावू लागते. आपण तिच्याबरोबर श्वास रोखून मागचा अंधार न्याहाळत असतो. जे काही यायचे ते मागूनच येणार, अशी आपली बालंबाल खात्री असते. इतक्यात पडद्याच्या उजव्या कडेने, म्हणजे जिकडे कोणाचेच लक्ष नाही तिकडून, श्वापदाने दात विचकून फिस्कारावे तसा आवाज कानांवर आदळतो आणि एक बस आडवी येऊन उभी राहते. आवाज तिच्या हवेच्या ब्रेकचा. आपल्याकडे रात्रीच्या निवांत स्थानकात एस.टी. थांबताना जो फुस्कारा सोडते तो ज्याने ऐकला आहे, त्याला बिबट्याची याद का यावी हे सांगायला नको. चालक कंटाळल्या सुरात, चढायचे आहे की नाही, असे विचारतो. कठड्यावरची झुडपे मात्र हलत असतात. हा प्रसंग मी सहा-सात वेळा तरी पाहिला असेन. बस कोणत्या अंगाने येणार हे ठाऊक असूनही मान आक्रसल्याखेरीज राहिलेली नाही.

ध्वनीचा हा सांधा रॉब्सनने संकलनाच्या मेजावर जुळवला. तो इतका लागू पडला, की ल्यूटनच्या खात्यात पुढे अशा प्रत्येक युक्तीला ‘बस’ हीच संज्ञा रूढ झाली, आणि नव्या चित्रपटाची जुळवाजुळव करताना यात बस कोठे घालायची याचा खल होऊ लागला. शब्दाचेही कूळ मौजेचे. इंग्रजी बस ही लॅटिन ‘ओम्निबस’ची शेपटी, अर्थ ‘सर्वांसाठी’. आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘बस’ म्हणजे पुरे. ॲलिसपुढे उभी राहिलेली गाडी नेमके हेच करते : ताणलेल्या प्रतीक्षेला, आता पुरे, असे सांगते.

सुमारे 1,34,000 डॉलरांत उरकलेल्या या चित्रपटाने संस्थेला भरघोस उत्पन्न दिले. 1943 च्या ‘द लेपर्ड मॅन’मध्ये बसची जागा आगगाडीने घेतली : पीठ आणायला धाडलेली पोर पुलाखालच्या काळोखातून जात असता डोक्यावरून गाडी धडाडत जाते. ती गाडी निरुपद्रवी. पण सुटकेचा निःश्वास टाकलेल्या प्रेक्षकापुढे थोड्याच वेळात त्या पोरीच्या घराचे बंद दार येते, आणि दाराखालून आत ओघळणारे रक्त. खोट्या दचक्याने सैल पडलेले मन खऱ्या घावाला उघडे पडते, हा हिशेब ल्यूटनला पक्का ठाऊक होता.

पुढच्या पिढ्यांनी मात्र या वारशातील नाणे उचलले आणि दस्तऐवज टाकून दिला. 1976 च्या ‘कॅरी’त थडग्यातून हात निघतो, त्यामागे निदान संथ, स्वप्नवत् चालीची पूर्वतयारी आहे, 1979 च्या ‘एलियन’मध्ये अंतराळयानाच्या कपाटातून मांजर उडी घेते, तेथेही वाट पाहायला लावण्याची शालीनता आहे, आणि मार्जारकुळात जन्मलेली युक्ती पुन्हा मार्जाराकडे गेली हा योगायोगही गोड. पण त्यानंतरच्या बहुसंख्य चित्रपटांत दर दहा मिनिटांना व्हायोलिने किंचाळतात. आमच्याकडील रामसे बंधूंनीही तावदाने आणि झांजा आपटताना काटकसर केली नाही. टाचांचे ठोके थांबवण्याइतका धीर मात्र क्वचितच कोणाला झाला.

स्वतः ल्यूटनची मंडळी तीनच वर्षांत पलीकडे निघून गेली होती. 1945 च्या ‘द बॉडी स्नॅचर’मध्ये, रॉबर्ट वाइजच्या दिग्दर्शनाखाली, 1831 सालच्या एडिनबरोतील एका गल्लीत रात्री एक गाणारी मुलगी गात गात कमानीखालच्या अंधारात शिरते. बोरिस कार्लॉफची घोडागाडी सावकाश तिच्यामागून जाते आणि तीही दिसेनाशी होते. कॅमेरा जागचा हलत नाही. पडद्यावर रिकामी गल्ली, कानांवर लांबत जाणारे गाणे. आणि एका सुरावर, ओळ पुरी होण्याआधीच, ते तुटते.