ठासणीची बंदूक आणि कलेक्टरचा कागद

घाटमाथ्याच्या आमच्या भागात जुन्या घरांच्या माळ्यावर लांब नळीची एखादी बंदूक हमखास असायची. खंडेनवमीला ती खाली यायची. तेलाचा बोळा फिरवून, हळदकुंकू वाहून नांगर-कोयत्याशेजारी पाटावर ठेवायची आणि दसरा झाला की परत माळ्यावर. घरातल्या पोरांना तिचा इतकाच परिचय.

या बंदुकांच्याही जाती होत्या. सगळ्यांत जुनी तोड्याची; जळती जामगी कानाला लावायची, मग बार उडायचा. तिच्यानंतर आली गारगोटीची, ठिणगीवर चालणारी. तिच्यामागून टोपीची, म्हणजे घोड्याखाली तांब्याची बारकी टोपी बसवायची. भरायची रीत तिन्हींची एकच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे आणि लोखंडी गजानं ठासायचं. म्हणून नाव ठासणीची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर शिवार ओलांडून जायचं. माणसं तिला मारण्यापेक्षा आवाजासाठीच जास्त वापरत.

एके काळी असलं हत्यार घरात ठेवायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. १८५७ च्या बंडानं ते बदललं. इंग्रजानं हत्यारं जमा करायचा हुकूम काढला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात हलगली नावाचं गाव आहे, आता ते कर्नाटकात येतं. तिथल्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. हत्यार हीच त्यांची चाकरी आणि हीच त्यांची अब्रू. फौज आली, गाव जाळलं आणि कित्येकांना फासावर दिलं. कानडी मुलखात त्यांची गाणी अजून गातात.

पुढं १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आणि गोऱ्याला सूट, असा तो न्याय. कोडगूच्या लोकांना मात्र वेगळी सूट मिळाली आणि ती आजही चालू आहे. ते त्यांच्या कैलपोळ सणाला बंदुका पूजतात. आपण खंडेनवमीला पूजतो तशाच, फक्त त्यांच्या मनात पोलिसाची धास्ती नसते.

स्वराज्य आलं तरी कायदा जुनाच होता. नवा झाला १९५९ साली आणि लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यात शेतकऱ्याच्या कामाचं एक कलम आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. पिकाच्या राखणीची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं त्यात लिहिलंय. तिनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचाही देता येतो. माझ्या आज्याकडं असाच परवाना होता. तो कागद धोतराच्या फडक्यात बांधून पत्र्याच्या डब्यात असे आणि आजा त्याला नुसता 'कलेक्टरचा कागद' म्हणे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. तेवढी पायपीट तो बिनतक्रार करायचा. पण बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारायची परवानगी वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ही दुसरी गोष्ट वनखात्याच्या हातात गेली.

गावात एक समज पक्का आहे, 'जुनी बंदूक, तिला कसला आलाय परवाना!' तो अर्धाच खरा. १९५९ च्या कायद्याचं ४५ वं कलम जुन्या घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं; पण कधी, तर दुरुस्ती करूनसुद्धा ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हा. म्हणजे किती वर्षांची आहे एवढ्यावर भागत नाही, उडू शकते का तेही बघतात. नळी फुटलेली, कान बुजलेला, घोडा गेलेला असा सांगाडा वेगळा. आणि लोहारानं दोन दिवस हात फिरवला की उडेल अशी बंदूक, पणज्याची असली तरी, कायद्यापुढं बंदूकच.

२०२० साली नियमात आणखी सवलत आली. पुराणवस्तूच्या वर्गात मोडणारी लहान हत्यारं नुसती संग्रहाला ठेवायची तर नागरिकाला परवाना लागत नाही. पण ती वापरायची, घेऊन फिरायची किंवा इकडून तिकडं न्यायची तर लागतो, आणि परवान्यावर तशी नोंद असल्याशिवाय दारूगोळा विकत मिळत नाही. आपली बंदूक त्या वर्गात बसते की नाही हे मात्र आपण घरबसल्या ठरवू नये. ते लेखी विचारून घ्यावं. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली. वारसानं आलेल्याही त्यातच धरायच्या. परवान्याची मुदत तेवढी तीन वर्षांवरून पाच झाली.

खरी अडचण येते ती परवानावाला गेल्यावर. दहावा-तेरावा, सातबारा, वारसनोंद यांच्या धांदलीत माळ्यावरची बंदूक कुणाला आठवते? कायदा सांगतो, वारसानं ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडं जमा करावी. जमा केली म्हणजे गेली, असं नाही. वारसाला आपल्या नावानं परवाना मागता येतो. मुदतीत काहीच हालचाल केली नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. शिवाय परवानावाला सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडं पंचवीस वर्षं असली, तर जिवंतपणीच वारसाचं नाव देता येतं. हे माहीत असतं तर किती घरांचा घोर वाचला असता!

आमच्या वाडीतल्या एका म्हातारीनं नवरा गेल्यावर रात्री बंदूक विहिरीत टाकली. "पोरांच्या मागं पोलीस नको," एवढंच ती म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती, बिनपरवाना बंदुकीला कैद आहेच. दुसऱ्या एका घरानं नळी कापून चुलीची फुंकणी केली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं काचेआड मांडलेली आहेत, माणसं रांगेनं बघतात. आमच्या विहिरीत असल्या किती गेल्या त्याची मोजदाद कुणी केली नाही. त्यांतली एखादी बरकंदाजाची असेल, एखादी बंडाच्या वेळी लपवलेली असेल.

अजून ज्यांच्या माळ्यावर अशी वस्तू आहे त्यांनी घरातल्या म्हाताऱ्याला तो असेपर्यंत विचारावं: कुणाची, कुठून आली, कागद कुठं आहे? कागद सापडला तर मुदत बघावी. नसला तर लपवू नये आणि मोडूही नये. जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन रीतसर अर्ज करावा, तोही पोच घेऊन.