किनलॉकची हवेली

एखादी जुनी वास्तु पडूं लागली, कीं तिची डागडुजी व्हावी असें सुजाण मनास सहज वाटतें. परंतु कांहीं वास्तु अशा असतात, कीं चुना कालविण्यापूर्वीं त्यांचा इतिहास विचारावा लागतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या रम बेटावरील किनलॉक कॅसल ही अशीच एक हवेली आहे. नांव किल्ल्याचें असलें, तरी तेथें लढाई कधीं झाली नाहीं. एका धनिकानें शिकारीच्या हंगामांत राहण्यासाठीं ती बांधली.

रम हें सुमारें १०० चौरस किलोमीटरचें डोंगराळ, पावसाळी बेट. तेथील कुळें पिढ्यान्‌पिढ्या बटाटे पिकवून व गुरें पाळून निर्वाह करीत. इ. स. १८२६ मध्यें मेंढ्यांच्या कुरणांसाठीं बेट मोकळें करण्यांत आलें. सुमारें ३०० माणसें दोन जहाजांतून अटलांटिकपलीकडे नोव्हा स्कोशियाला गेलीं. दोन वर्षांनीं आणखी सुमारें ५० जण निघाले. त्यांच्या घरांच्या पडक्या भिंती आणि शेतांचे वाफे आजहि गवतांत ओळखूं येतात.

हवेलीचा पैसा आला तो कापडाच्या धंद्यांतून. जेम्स बुलो हा लँकेशायरचा मूळचा हातमाग-विणकर. विल्यम केनवर्दी याच्या साहाय्यानें त्यानें १८४२ च्या सुमारास यांत्रिक मागांत अशा सुधारणा केल्या, कीं एका कामगारास एकाच वेळीं अनेक मागांवर लक्ष ठेवतां येऊं लागलें. हाच पुढें प्रसिद्धीस आलेला ‘लँकेशायर माग’. मुंबईच्या गिरण्यांतहि तो दीर्घकाळ खडखडत होता. आणि लँकेशायरच्या कापडानें आपल्या विणकऱ्यांचें काय केलें, हें आपणांस निराळें सांगावयास नको.

जेम्सचा पुत्र जॉन यानें १८८८ सालीं रम बेट विकत घेतलें. त्याच्या मृत्यूनंतर जॉर्ज बुलो यानें १८९७ ते १९०० या काळांत हवेली उभारली. तांबडा वालुकाश्म जहाजांतून आणविला. बागेसाठीं सुपीक मातीदेखील समुद्रमार्गेंच आली. ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून दिवे लावले. कांचगृहांत द्राक्षें पिकत, कासवें पोहत. दिवाणखान्याजवळ, जिन्याखालीं, आपोआप वाजणारें एक प्रचंड वाद्ययंत्र बसविलें होतें. पण १९१४ च्या महायुद्धानें माळी व नोकर रणांगणावर नेले, आणि हें वैभव ओसरलें.

जॉर्ज १९३९ मध्यें वारला. त्याच्या विधवेनें १९५७ मध्यें बेट सरकारी निसर्गरक्षण संस्थेस विकलें. हवेलींतील बहुतेक सामान जागच्या जागीं राहिलें, म्हणून एका युगाचा संसार तेथें जसाच्या तसा पाहावयास मिळे. परंतु छपरांतून पाणी मुरलें, लांकडांत बुरशी शिरली. प्रवाशांसाठीं तेथें चाललेलें वसतिगृह २०१३ मध्यें बंद झालें. तत्पूर्वीं २००३ मध्यें दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेंत, कोणती जीर्ण वास्तु वांचवावी यावर प्रेक्षकांनीं मतें दिलीं. त्यांत किनलॉकची हार झाली. येथें प्रत्येक फळी व प्रत्येक कारागीर बोटीनें आणावा लागतो. त्यामुळें खर्चाचा आंकडा नेहमींच फुगतो.

मग हा खर्च कां करावा? कित्येकांस वाटतें, कीं श्रीमंताच्या हौसेसाठीं सार्वजनिक पैसा नको. बेटावरच्या मूठभर रहिवाशांना राहती घरें हवीं आहेत. हा आक्षेप वजनदार आहे. २००९ व २०१० मध्यें गांवाची कांहीं जमीन रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेकडे आली, ही गोष्ट त्या दृष्टीनें हवेलीहून मोठी मानली पाहिजे.

तरीहि मला वाटतें, हवेली पडूं देऊं नये. ती पडली तर मेंढ्यांसाठीं हुसकलेलीं कुळें परत येणार नाहींत. तो पैसा कोठून आला व कोठें गेला, याची ढळढळीत साक्ष मात्र नाहींशी होईल. परंतु तिच्या दिवाणखान्यास झळाळी देतांना, ओसाड गांवांच्या भिंतींची निगाहि त्याच हिशेबांत धरावी. वाद्ययंत्राजवळ उभ्या राहिलेल्या पाहुण्यास त्या दोन जहाजांची आणि त्या मागाची हकीगतहि कळली पाहिजे. आणि हवेलीचें पुढें काय करावयाचें, हें ठरवितांना बेटावर हिवाळा काढणाऱ्यांचें मत आधीं घेतलें पाहिजे. १८२६ मध्यें तें कोणीं विचारलें नव्हतें.